माळखांडीच्या टाकीची खूण

दया उजागरेच्या हातून चूक झाली असं कुणी सांगितलं असतं, तर सावेडीतल्या त्या ऑफिसात कुणाचाही विश्वास बसला नसता. अहो, दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच तर तिचं काम! सहा माणसांचं ऑफिस. खाली झेरॉक्सचं दुकान, अरुंद जिना चढून वर गेलं की दोन खोल्या. खिडकीजवळचं टेबल दयाताईचं. वय सेहेचाळीस, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि नजर अशी की नवी पोरंपोरी आपलं काम तिला दाखवायच्या आधी दोनदा तपासून घ्यायची.

मोठी पदवी वगैरे काही नाही हं तिच्याकडे. नेवाशाकडच्या खेड्यातल्या एलिया मास्तरांची मुलगी. टायपिंगच्या दोन परीक्षा, मग कॉम्प्युटरचा डिप्लोमा, मग लग्न. प्रवीणसरांनी ऑफिस काढलं तेव्हा पत्रं टाइप करायला म्हणून आली आणि चार वर्षांत प्रोग्राम लिहायला लागली. शिकवलं कुणी? कुणीच नाही. इतरांचं टाइप करता करता त्यातलं चुकीचं तिला दिसायला लागलं, आणि चुकीचं दिसलं की तिला गप्प बसवत नसे.

या ऑफिसाचं काम पाण्याचं. गावाच्या पाण्याच्या टाकीवर एक डबा बसवायचा. टाकीत किती पाणी चढलं ते डबा मोजतो आणि त्याप्रमाणे क्लोरीनचा छोटा पंप चालवतो. हजार लिटरला पंपाचे इतके ठोके, असं ठरलेलं. पूर्वी गावचा पाणीवाला बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून अंदाजाने ओतायचा, ते काम आता डब्याकडे आलं. जिल्ह्यात अशी एकोणीस गावं झाली होती.

आता डब्याच्या पोटातला प्रोग्राम कसा होता ते जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बाहेर एक मोठा रेपो. रेपो म्हणजे प्रोग्राम आणि त्यात आजवर झालेला प्रत्येक बदल, तारखेसकट आणि करणाऱ्याच्या नावासकट, सांभाळणारं कपाटच म्हणा. या मोठ्याच्या आत तीन छोटे रेपो: एक पाणी मोजणारा, एक क्लोरीनचा, एक मोबाईलवर निरोप धाडणारा. पण मोठ्यात छोट्यांचा मजकूर नसतो बरं का. मोठ्यात नुसती खूण असते, की क्लोरीनचा अमुक तारखेचा बदल घ्यावा. तुम्ही आत जाऊन क्लोरीनचं कितीही सुधारा, मोठ्याला त्याचा पत्ताच नसतो, तो आपला जुन्या खुणेवर बोट ठेवून बसलेला. म्हणून आतलं सुधारून झालं की बाहेर यायचं, मोठ्यात नवी खूण ठेवायची आणि तीही सर्व्हरवर चढवायची. गावोगावचे डबे रोज मोठ्यालाच विचारतात आणि तो सांगेल तेवढंच घेतात.

ही बाहेरची खूण विसरायची खोड प्रत्येक नव्या माणसाला असते. कुणी उड्या मारत आलं, "ताई, झालं!" की दयाताई मान वर न करता विचारायची, "आत केलंस. बाहेर आलीस का?" पोरगी जीभ चावून परत जागेवर. मागून तिची नक्कल करायची सगळी, पण विसरणं मात्र कमी झालं होतं.

तिला ही सवय लागली ती वडिलांकडून. एलिया मास्तर गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही ठेवायचे. एक वही गावात, आणि तिच्याच नोंदींची दुसरी मोठी वही नगरच्या चर्चमध्ये. गावच्या वहीत कुणाचं नाव दुरुस्त केलं की मास्तर एसटीने नगरला जायचे, तिथल्या वहीत तेच दुरुस्त करायचे आणि मग घरी येऊन जेवायचे. आई करवादायची, की एका नावासाठी दिवस मोडता. मास्तर म्हणायचे, "अगं, उद्या त्या लेकराला दाखला लागला तर तो नगरच्या वहीतून निघणार. इथं मी बरोबर लिहिलंय हे कुणाला कळणार आहे?" वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. दयाला ते वाक्य त्यांच्या आवाजात ऐकू यायचं.

आणि नेमकी हीच बाई विसरली.

जामखेडहून खर्ड्याकडे जाताना माळखांडी म्हणून गाव लागतं. तिथल्या टाकीवरचा क्लोरीनचा पंप एप्रिलच्या मध्याला बिघडला आणि दुसऱ्या कंपनीचा नवा बसवला. नव्या पंपाच्या एका ठोक्यात जुन्याच्या निम्मंच औषध पडायचं. म्हणजे हजार लिटरला चाळीसऐवजी ऐंशी ठोके हवेत, एवढाच बदल. दयाने तो केला गुरुवारी, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी. संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजनाची उपासना, गाणाऱ्यांत ती होती, आणि खाली तिचा नवरा अँड्र्यू मोटरसायकलचा हॉर्न वाजवत होता. तिने आतल्या क्लोरीनच्या रेपोत माळखांडीच्या नावापुढे चाळीसचे ऐंशी केले. टेबलावरच्या नमुन्याच्या डब्यावर चालवून पाहिलं, ऐंशी ठोके बरोबर पडले. पडणारच की, तिच्या स्वतःच्या मशीनवर नवंच होतं ना! आतलं सर्व्हरवर चढवलं, मशीन बंद केलं, पदर सावरत जिना उतरली.

बाहेर ती आलीच नाही.

ईस्टर झाला. सोमवारी माळखांडीच्या पाणीवाल्याचा, गोरक्षनाथचा, मोबाईलवर बोलका निरोप आला. बावीस वर्षं गावाला पाणी सोडणारा हा माणूस. घर टाकीच्या बुडाशी, घरात तो आणि त्याची म्हातारी आई भागिरथी. डबा आला तरी त्याने आपली जुनी पद्धत सोडली नव्हती. रोज सकाळी नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. निरोपात तो म्हणत होता, "ताई, गोरक्ष बोलतोय माळखांडीवरनं. पिवळं लई फिकट येतंय बगा. आन् पिंपातलं औषध बी पयल्यासारखं उतरंना. तळ्यातलं पानी खाली गेलंय, गढूळ येतंय. हातानं थोडं घालू का?"

दयाने डब्याचा अहवाल उघडला. ठोके ठरल्याप्रमाणे, हिरवा दिवा, सगळं ठीक. ठरल्याप्रमाणे म्हणजे किती, हे तिने पाहिलं नाही. स्वतः केलेलं काम होतं ना ते! तिने लिहून पाठवलं, "गोरक्षभाऊ, दुरुस्ती मी गुरुवारीच केली आहे. हाताने घालू नका, जास्त होईल आणि लोकांना त्रास होईल. डब्याला हात लावू नका."

"बरं ताई," एवढंच उत्तर आलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात माळखांडीत उलट्या-जुलाब सुरू झाले. दोन दिवसांत एक्केचाळीस माणसं दवाखान्यात. चाळीस घरी परतली. भागिरथीबाई परतली नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

गावाने दोष कुणाला द्यायचा? जो रोज समोर दिसतो त्याला. गोरक्षने पिंपात औषधच भरलं नाही, त्याचं लक्ष नव्हतं, एवढ्या वर्षांत माजला, असं लोक उघड बोलायला लागले. ग्रामसेवकाने ऑफिसला फोन करून डब्याचा अहवाल मागितला. गुरुवारी ग्रामसभा होती, तीत गोरक्षला काढायचं जवळपास ठरलंच होतं. फोन ठेवता ठेवता ग्रामसेवक म्हणाला, "तो काही भांडतही नाही हो मॅडम. जेवत नाही, बोलत नाही. विचारलं तर एकच म्हणतो, मला दिसत हुतं आन् मी निस्तं बघत बसलो. आई मीच घालवली."

प्रवीणसर म्हणाले, "दयाताई, दोन ओळींत लिहून द्या. आपला डबा व्यवस्थित चालतोय. संपलं."

तिने लिहिलं. लिहिण्याआधी क्लोरीनच्या रेपोत जाऊन पाहिलंही. तिचा बदल जागेवर होता, चाळीसचे ऐंशी, तारीख ईस्टरआधीच्या त्या गुरुवारची, नाव दया उजागरे. "यंत्रणेत दोष आढळला नाही," असं टाइप करून झालं. पण तपासल्याशिवाय कागद बाहेर द्यायचा नाही हा तिचा स्वतःचाच नियम. शेजारी सृष्टी नावाची नवी मुलगी बसायची, तिचा लॅपटॉप कालच आलेला, कोरा.

"सृष्टी, जरा ऊठ गं."

त्या कोऱ्या मशीनवर तिने मोठा रेपो पहिल्यापासून उतरवून घेतला, एखादा डबा घेतो तसाच. नमुन्याचा डबा त्याला जोडला, हजार लिटरचा आकडा दिला. पंप टकटक करत राहिला आणि थांबला. पडद्यावर आकडा आला, चाळीस.

"नवीन मशीन आहे ना, काहीतरी राहिलं असेल," सृष्टी म्हणाली.

दयाने पुन्हा केलं. चाळीस. मग तिने मोठ्या रेपोतली क्लोरीनची खूण उघडली. तारीख होती बारा जानेवारी.

तिने पडद्यावर बोट ठेवून ती तारीख पुन्हा वाचली. सृष्टी विचारत होती, "ताई, पाणी आणू का?"

पण आधी काम. तिने बाहेरची खूण बदलली, सर्व्हरवर चढवली, सृष्टीच्या मशीनवर पुन्हा उतरवून ऐंशी ठोके स्वतः मोजले, एक एक. ग्रामसेवकाला फोन केला, "आज टाकीचं पाणी सोडू नका. टाकी रिकामी करून धुवा. पिवळा रंग नीट आल्याशिवाय थेंबभर कुणाला देऊ नका." मग ती प्रवीणसरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

प्रवीणसर वाईट माणूस नाही. पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "केलं ना आता बरोबर? मग मिटलं, दयाताई. त्या गावात रेपो म्हणजे काय हे कुणाला माहीत आहे? कुणी बघायला येणार नाही."

"गोरक्षभाऊला काढतायत, सर."

"त्याला दुसरं काम आपण बघू की! इथे सहा घरं आहेत या ऑफिसवर. आणि ती बाई चौऱ्याहत्तर वर्षांची होती, पाणीही खराब होतं. कशाने गेली हे देव तरी सांगेल का?"

"तो माणूस म्हणतोय की आई त्याने घालवली," दया म्हणाली. "त्याने मला विचारलं होतं, सर. मी नको म्हटलं. हे त्याला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तो माझं नावसुद्धा घेत नाहीये. आणि मी इथून लिहून देऊ, की दोष नाही?" बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि स्वतःच्या रडण्याचाच राग आला. तिने टाइप केलेला कागद फाडला. "ऑफिसचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी माझं नाव सांगणार. बदलावर माझंच नाव आहे."

प्रवीणसर डोकं धरून बसले. अडवलं मात्र नाही.

घरी तिने अँड्र्यूला सांगितलं. भाकरी ताटात तशीच. अँड्र्यू एमआयडीसीत पाळीवर जाणारा, मुळात कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "गुरुवारी सुट्टी टाकतो. गाडीवर जाऊ." थोड्या वेळाने त्याने तोंड फिरवलं आणि म्हणाला, "मी तेवढा हॉर्न वाजवायला नको होता."

"गप रहा," ती म्हणाली. "तुझा काय संबंध?"

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती, लिंबाखाली. खुर्च्या कमी, माणसं जास्त. सरपंच ज्ञानेश्वरीताई मधे बसलेल्या, समोर माइक. गोरक्षनाथ एका कडेला भिंतीला टेकून उभा. मुंडन केलेलं डोकं, दाढीचे खुंट, हात पाठीमागे. दयाने त्याला आजवर फोटोतच पाहिलं होतं, तरी लगेच ओळखलं.

ज्ञानेश्वरीताईंनी माइक तिच्या हातात दिला. तिने वाटेत मनात पुष्कळ जुळवलं होतं, ते सगळं विसरली. "मी दया उजागरे. तुमच्या टाकीवरच्या डब्यातलं काम माझं आहे. नव्या पंपासाठी जो बदल करायचा होता तो मी केला, पण अर्धाच केला. आतल्या भागात केला आणि बाहेरच्या मोठ्या भागाला कळवायचं विसरले. तुमचा डबा बाहेरच्याचंच ऐकतो. त्यामुळे तो जुन्या पद्धतीनेच चालत राहिला."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "बाई, आमाला ते आतलं-भायेरचं कळत न्हाई. औषध पडत हुतं का न्हवतं?"

"निम्मं पडत होतं, बाबा. तीन आठवडे."

"आन् मग गोरख काय झोपला हुता का?" मागून कुणीतरी ओरडलं.

दयाने पर्समधून मोबाईल काढला, तो निरोप शोधला आणि मोबाईल माइकला लावला. पटांगणभर गोरक्षनाथचा आवाज घुमला. "पिवळं लई फिकट येतंय बगा... तळ्यातलं पानी खाली गेलंय, गढूळ येतंय. हातानं थोडं घालू का?" भिंतीशी उभ्या असलेल्या गोरक्षने आपलाच आवाज ऐकून मान खाली घातली. निरोप संपला. मग दयाने तिचं उत्तर वाचलं, तारखेसकट, एक शब्द न गाळता. "डब्याला हात लावू नका," हे शेवटचं वाचून तिने मोबाईल खाली घेतला.

मागे ओरडलेला माणूस आता खाली बघत होता. ज्ञानेश्वरीताई हळू आवाजात म्हणाल्या, "गोरक्षनाना, तुम्ही हे आम्हाला का नाही सांगितलं?"

गोरक्षनाथ भिंतीपासून दोन पावलं पुढे आला. बोलला तो सरपंचांशी नाही, दयाशी.

"काय सांगायचं हुतं? तुमी न्हाई म्हनलं, म्हनून मी गप बसलो. शिकलेलं मानूस सांगतंय, आपुन कशाला शानपना करावा? पन ताई, माझी आई इचारत हुती." त्याने टाकीकडे बघितलं. "तिला त्या औषधाचा वास आवडायचा न्हाई. नाक मुरडायची. पन वास आला की बिनघोर प्यायची, म्हनायची माझ्या गोरखनं टाकलंय. त्या दिसांत रोज इचारायची, आरं, पान्याला वास का येईना? आन् मी तिला म्हनायचो, आई, नगरच्या ताईंनी केलंय बरोबर, तू पी."

दयाच्या हातातला माइक खाली आला. माफ करा म्हणायचं म्हणून ती इतक्या लांबून आली होती आणि आता तो शब्द तोंडातून निघेना. फारच लहान वाटला तिला तो.

"मी तुमच्यावर चिडू का न चिडू, मला कळंना," गोरक्षनाथ म्हणाला. "चला. टाकीवर चला माझ्यासंगं."

ती त्याच्या मागून चालत गेली. अँड्र्यू पटांगणाच्या फाटकापाशीच थांबला. टाकी धुऊन कालच पुन्हा भरली होती. घराच्या अंगणातल्या नळाखाली गोरक्षने काचेची नळी धरली, थेंब टाकले, नळी उन्हात धरून तिला दाखवली. पाणी पिवळं झालं होतं, हळदीच्या पाण्यासारखं. मग त्याने ओट्यावर उपडा घातलेला पितळी तांब्या उचलला. तो कुणाचा हे विचारायची तिला गरज वाटली नाही. त्याने तांब्या विसळला, भरला आणि तिच्यापुढे धरला.

"प्या."

तिने दोन्ही हातांनी घेतला. तोंडाशी नेताच उग्र वास नाकात गेला. ती थांबली नाही, सगळा तांब्या पिऊन टाकला.

"वास येतोय का?" त्याने विचारलं.

"येतोय, भाऊ."

गोरक्षनाथने मान हलवली. तिच्या हातातून तांब्या घेतला, पायरीवर बसला आणि तो पोटाशी धरून मोठ्याने रडायला लागला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, असं शेजारची बाई नंतर दयाला म्हणाली. दया तिथून हलली नाही. त्याचं रडणं थांबेपर्यंत ती नळापाशी उभी राहिली.